मुंबई ते न्यूयॉर्क, इकॉनॉमीतून: थेट जायचं, आखातातून की युरोपातून?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आईबाबांचं तिकीट काढायचं म्हटलं की घरोघरी एकच वाद रंगतो: थेट विमान घ्यायचं की मधे कुठेतरी बदलायचं. वाद पैशांवरून सुरू होतो आणि तासांवर येऊन थांबतो. माझ्या मते या दोन्हींच्या आधी एक गोष्ट बघावी, ती म्हणजे तुमची रात्र नेमकी कुठे पडते. इकॉनॉमीतला प्रवास सुखाचा झाला की नाही हे पाय पसरायला किती जागा मिळाली यापेक्षा झोप सलग मिळाली की तुकड्यातुकड्यांनी, यावर जास्त अवलंबून असतं. आणि ते तिकीट काढतानाच ठरून जातं.

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. मुंबईहून थेट गेलात तर पंधरा-सोळा तास एका खुर्चीत. दुबई, दोहा किंवा अबू धाबीवरून गेलात तर आधी तीन-चार तासांचा छोटा टप्पा आणि मग चौदा तासांचा मोठा. लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस, झुरिकवरून गेलात तर आधी नऊ-दहा तास आणि मग आठ-नऊ तास, म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, पण ही मांडणी सहसा बदलत नाही.

थेट विमान: एकच लांबलचक रात्र

थेट विमान मुंबईहून बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतं आणि न्यूयॉर्कला त्यांच्या सकाळी पोचतं. पश्चिमेला जाणारं विमान रात्रीबरोबर पळत असतं. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर जवळपास सगळा प्रवास अंधारात होतो आणि सूर्य थेट अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ भेटतो. मला हा भाग फार आवडतो. खिडकीची झडप वर केली की खाली पूर्व युरोपातली शहरं नारिंगी जाळ्यासारखी पसरलेली दिसतात, मधेच एखादी काळी नदी त्या जाळ्याला चिरून जाते. विमान उत्तर अटलांटिकवर वर सरकलं तर उजव्या हाताच्या, म्हणजे उत्तरेकडच्या खिडकीतून कधीकधी ध्रुवीय प्रकाशही दिसतो. दर खेपेला दिसेल असं नाही, पण खिडकी घ्यायचीच असेल तर जाताना उजवीकडची घ्या.

झोपेचा हिशेब इथे सरळ आहे. मुंबईत रात्री दोनला तुम्ही आधीच पेंगुळलेले असता. विमान सुटल्यावर तासाभरात जेवण येतं, म्हणजे घरच्या घड्याळात पहाटेचे तीन. ते नाकारायला शिका. घरून जेवून निघा, ब्लँकेट पांघरा, पट्टा ब्लँकेटच्या वरून लावा म्हणजे तो तपासायला कुणी उठवणार नाही, आणि सहा-सात तास मिळतील तेवढे झोपा. उठाल तेव्हा निम्मा प्रवास मागे पडलेला असतो. उरलेले तास मात्र मोठे वाटतात. शिवाय उतरल्यावर समोर अख्खा दिवस उभा असतो आणि शरीर म्हणत असतं की संध्याकाळ झाली. ज्यांना उतरल्या दिवशी जागं राहता येत नाही, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

थेट विमानाचा खरा फायदा सत्तरीच्या पुढच्यांना आणि व्हीलचेअर लागणाऱ्यांना. मुंबईत एकदा व्हीलचेअरवर बसलात की न्यूयॉर्कलाच उतरायचं. मधे अनोळखी विमानतळ नाही, दुसरी सुरक्षा तपासणी नाही, गेट बदलल्याची घोषणा कानात शिरली नाही म्हणून घाबरगुंडी नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्या, इंग्रजी जेमतेम समजणाऱ्या आईबाबांसाठी मी किंमत न बघता हेच सुचवेन.

एक सावधगिरी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसे पडले. त्यामुळे ‘मागच्या वेळी पंधरा तास लागले होते’ यावर विसंबू नका, तिकिटावर छापलेली वेळ वाचा. मधेच इंधनासाठी थांबा आहे का, तेही बघा.

आखातातून: एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या वाटा

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘दुबईवरून’ म्हणजे एकच प्रवास समजतात. प्रत्यक्षात मुंबईहून आखाताकडे विमानांच्या दोन लाटा असतात आणि दोन्हींचा अनुभव पूर्ण वेगळा असतो.

पहाटेच्या लाटेत मुंबईहून चारच्या आसपास निघायचं. म्हणजे विमानतळावर एक वाजता हजर, पुण्याहून येणार असाल तर रात्री नऊच्या आत गाडीत. छोट्या टप्प्यात खाणं येतं, दिवे लागतात, झोप अशी होत नाहीच. सहाला दुबई. साडेआठच्या सुमारास पुढचं विमान, आणि ते चौदा तास सूर्याबरोबर जातं. रात्र गेली ती गेलीच. दुपारी न्यूयॉर्कला उतरता, हे मात्र चांगलं, कारण झोपायची वेळ फार लांब नसते. तरुणांना हे जमून जातं.

रात्रीच्या लाटेत मुंबईहून नऊ-दहाला निघायचं, मध्यरात्री दुबईत पाय मोकळे करायचे आणि दोन-तीनला मोठ्या विमानात बसायचं. आता चौदा तासांच्या टप्प्यावर रात्र तुमच्याबरोबर येते. झोप थोडी उशिरा सुरू होते, पण सलग मिळते. भाडं बऱ्याचदा सारखंच असतं, फरक फक्त तिकीट शोधताना कुठल्या ओळीवर बोट ठेवता याचा. आखातातून जायचंच असेल तर हीच लाट घ्या.

अबू धाबीची एक वेगळी सोय आहे. जानेवारी २०१४ पासून तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं. चौकशी, बोटांचे ठसे, कस्टम सगळं तिथेच आटोपतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. चौदा तास बसून आल्यावर लांबच लांब रांगेत उभं राहायचं नाही, ही गुडघेदुखी असलेल्यांसाठी मोठीच गोष्ट. त्यासाठी मधला थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका.

मुलं न्यूयॉर्कला राहत नसतील तर आखाताचं पारडं आणखी जड होतं. शिकागो, डॅलस, ह्यूस्टन, बोस्टन, सिअ‍ॅटल अशा शहरांना दुबईहून थेट विमानं आहेत. मुंबईहून न्यूयॉर्कला ‘थेट’ जाऊन पुढे डॅलसला जायचं म्हणजे सोळा तासांनंतर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा उचला, कस्टममधून न्या, परत जमा करा आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर बॅगा घ्याव्याच लागतात. दमलेल्या अवस्थेत हे करण्यापेक्षा दुबईत, फक्त हातातली पिशवी घेऊन, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जाणं कितीतरी सोपं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत, हे वेगळं सांगायला नको. जून २०२५ मध्ये कतारने काही तास हवाई हद्द बंद केली तेव्हा शेकडो जोडविमानं चुकली. एकच तिकीट असलं की पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी दोन तिकिटं असली तर ती तुमची.

युरोपातून: ज्यांना चालत-फिरत जायचं आहे त्यांच्यासाठी

धडधाकट माणसाने हाच रस्ता निवडावा, असं मला मनापासून वाटतं. मुंबईहून रात्री एक ते तीनच्या दरम्यान निघायचं, नऊ-दहा तासांत सहा तास झोपायचं, सकाळी फ्रँकफर्ट नाहीतर लंडनला उतरायचं. तोंड धुवायचं, दात घासायचे, कपडे बदलायचे, कॉफी घ्यायची, काचेतून खरंखुरं ऊन अंगावर घ्यायचं आणि तासभर चालायचं. दुसरा टप्पा दिवसाचा. झोपेची धडपड नाही, पुस्तक वाचा, सिनेमा बघा, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे तुटके कंगोरे बघा. दुपारी न्यूयॉर्क, रात्री नऊला पलंगावर. जेट लॅग यात सगळ्यात लवकर उतरतो.

अडचणीही आहेत. भाडं बहुधा आखातापेक्षा जास्त. हिवाळ्यात बर्फ आणि धुक्यामुळे उशीर होतो, म्हणून दीड तासाचा थांबा दिसला तर तो मोह टाळा. आणि भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसाचे, म्हणजे मधे विमान बदलण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाचे, नियम देशागणिक वेगळे असतात. चालू अमेरिकन व्हिसा असला की सहसा सूट मिळते, तरी तिकीट काढण्याआधी विमानकंपनीकडून पक्कं करून घ्या.

विमान कुठलं, हेही बघा

मार्ग ठरला की विमानाचं नाव बघा, ते तिकिटाच्या तपशिलात असतं. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये केबिनचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीइतका ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंत असतो, म्हणजे हवा जास्त विरळ. उतरल्यावर डोकं जड होणं आणि घसा कोरडा पडणं यात फरक जाणवतो. ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या एका ओळीत दहा खुर्च्या बसवतात, ३-४-३. खुर्ची जेमतेम सतरा इंच रुंद. ए३८० मध्येही दहाच, पण ते विमान रुंद असल्याने खांदे घासत नाहीत, शिवाय आवाज कमी. जोडप्यासाठी सगळ्यात उत्तम ए३३०: २-४-२. खिडकीजवळ दोघंच, तिसऱ्याला उठवायचा प्रश्नच नाही. तीनच्या ओळीत दोघं असाल तर एकाने कडेची घ्यावी, म्हणजे निदान एकाला तरी हवं तेव्हा उठता येतं. बहुतेक विमानांत कडेच्या खुर्चीचा बाहेरचा हात वर उचलता येतो. त्याच्या खालच्या बाजूला, मागच्या बिजागरीजवळ बोटाने चाचपलं की छोटी कळ लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाजूने पाय काढून उठता आलं की केवढा आराम पडतो, हे बघण्यासारखं असतं.

उठणं गरजेचंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात असं दिसलं की चार तासांहून जास्त बैठ्या प्रवासानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता दुपटीच्या आसपास जाते. तरीही निरोगी माणसात ती अशा एका प्रवासामागे सहा हजारांत एक इतकी कमीच असते, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी कधी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांशी बोला, घट्ट मोजे घ्या, आणि थेट जायचं की टप्प्याटप्प्याने, हेही त्यांनाच विचारा.

खाण्याबद्दल दोन शब्द जास्तच लिहिते, कारण प्रवासाची गोडी तिथेच आहे. आगाऊ जेवण निवडताना ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी असं समजू नका. त्यात गोमांस नसतं, पण चिकन, मटण किंवा मासे असू शकतात. शाकाहारी माणसाने ‘एशियन व्हेजिटेरियन’ मागावं, कांदा-लसूण नको असेल तर ‘जैन’. निदान चोवीस तास आधी नोंदवलंत की हे ताट सगळ्यांच्या आधी येतं. वर कोरड्या हवेत आणि कमी दाबात जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं, म्हणून विमानातलं सगळंच सपक वाटतं. त्यावर आपल्याकडे जुना उपाय आहे: दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, थोडा गूळ घातलेल्या, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी. फॉइलमध्ये एकेक दशमी वेगळी गुंडाळा, म्हणजे अंधारात, शेजाऱ्याला कोपर न लागता खाता येते. उतरण्याआधी संपवा, उरलंसुरलं कस्टममध्ये जाहीर करा. फळं आणि मांस अमेरिकेत नेता येत नाही. सुकं खोबरं ज्वलनशील मानतात, ते बॅगेत सापडलं तर मुंबईतच काढून घेतात. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या सामानातच ठेवा.

परतीचा विचार वेगळा करा

जाताना जो रस्ता चांगला, तो येताना चांगला असेलच असं नाही. पूर्वेकडे येताना वारा पाठीशी असतो, वेळ थोडा कमी लागतो, पण दिवस-रात्र दोन्ही आखडतात आणि जेट लॅग जास्त छळतो. युरोपातून परतताना अटलांटिकवरची रात्र सहा-सात तासांतच संपते. दोन वेळा जेवण वाढून झालं की झोपेला तीन तास उरतात, आणि मग दिवसभराचा दुसरा टप्पा करून मुंबईत मध्यरात्री उतरायचं. मला ते पटत नाही. येताना थेट विमान घ्यावं, किंवा न्यूयॉर्कहून रात्री अकराच्या आसपास निघून आखातात संध्याकाळी पोचणारं.

म्हणून राउंड ट्रिप एकाच मार्गाने घ्यायची सक्ती स्वतःवर लादू नका. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमानकंपन्यांच्या गटात आहे, लुफ्तान्सा आणि स्विसही त्याच गटात आहेत. जाताना फ्रँकफर्ट किंवा झुरिकवरून आणि येताना थेट, असं एकाच तिकिटावर बसतंय का ते ‘मल्टि-सिटी’ शोधात टाकून बघा, नाहीतर एजंटला तसं स्पष्ट सांगा. बॅगांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं आहे ना, आणि व्हीलचेअर प्रत्येक टप्प्यावर नोंदवली आहे ना, हे तिकीट हातात आल्या दिवशीच तपासा. एका टप्प्यावर नोंदवली म्हणजे सगळीकडे लागली असं नसतं.