नवा राऊटर आल्यावर: वायफायचं जुनं नाव ठेवावं की गॅजेट पुन्हा जोडावीत?

घरात नवं फायबर कनेक्शन येतं, राऊटर भिंतीवर लागतो, मोबाईलवर स्पीड बघून सगळे खूश होतात आणि संध्याकाळी हॉलचे दिवे आवाज दिला तरी लागत नाहीत. वायफायवर चालणारे स्मार्ट बल्ब, गीझरचा प्लग, कॅमेरा, टाकीच्या मोटरचा स्विच, ॲपमध्ये सगळ्यांपुढे ‘ऑफलाईन’. यातून बाहेर पडायच्या मुख्य वाटा दोन. नव्या राऊटरला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, म्हणजे गॅजेट आपणहून परत येतात. नाहीतर नवं नाव राहू द्यायचं आणि एकेक वस्तू रीसेट करून ॲपमध्ये नव्याने जोडायची.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसमध्ये मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. इंदिरानगरला माझ्या मेव्हण्याने दुसरी वाट धरली आणि तो समाधानी आहे. त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर लागू पडेल असं मी म्हणणार नाही.

नव्याने जोडण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जुना पासवर्ड वर्षानुवर्षं पाहुण्यांना, रंगाऱ्याला, शेजारच्या मुलांना दिलेला असतो. घर जुनं विकत घेतलेलं असेल आणि राऊटरही आधीच्या मालकाचाच वापरत आला असाल, तर तो पासवर्ड पुढे चालवण्यात काहीच अर्थ नाही. शिवाय ॲपमध्ये कधीकाळी जोडलेल्या आणि आता घरात नसलेल्या वस्तूंची गर्दी झालेली असते, तीही या निमित्ताने निघते. मेव्हण्याकडे मोजके प्लग, एक स्पीकर आणि एक कॅमेरा आहे. प्लग हाताशी, त्यावर बटण. बटण दाबून धरलं की दिवा लुकलुकतो आणि मोबाईल पुढचं सांभाळून घेतो. चहा होईपर्यंत त्याचं काम आटोपलं. ॲमेझॉनचा इको किंवा गुगलचा स्पीकर असेल तर तोही प्रश्न नाही, त्यांच्या ॲपमधून नेटवर्क बदलता येतं. फिलिप्स ह्यूसारखा ब्रिज, म्हणजे बल्ब आणि राऊटरमधला दुवा असलेला छोटा डबा, असेल तर त्याची केबल नव्या राऊटरमध्ये लावली की झालं, कारण त्याचे बल्ब वायफायवर चालतच नाहीत, ते ब्रिजशी झिगबी नावाच्या वेगळ्या बिनतारी पद्धतीने बोलतात.

माझं मत फिरलं ते हॉलच्या छतापाशी.

आमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये सहा स्मार्ट बल्ब आहेत आणि सहाही एकाच बटणावर. बल्बला स्वतःचं बटण नसतं. त्याला रीसेट करायचं म्हणजे भिंतीवरचं बटण ठरावीक लयीत चालू-बंद करायचं. बहुतेकांना तीन ते पाच वेळा. मग तो भराभर लुकलुकायला लागतो, म्हणजे जोडणीला तयार. एकाच बटणावर असले की सहाही एकदम लुकलुकतात. ॲपमध्ये एकाच नावाची ओळ खाली खाली येत जाते आणि त्यातला सोफ्यावरचा कोणता, टीव्हीशेजारचा कोणता, काही कळत नाही. इथवर एक वेळ ठीक आहे, एकेक लावून-विझवून ओळखता येतो. खरा त्रास पुढे आहे. चार बल्ब जोडले जातात, दोन राहतात. राहिलेल्या दोघांना पुन्हा तयार करायला बटण चालू-बंद करावं, तर आधी जोडलेले चारही रीसेट होऊन परत लुकलुकायला लागतात. मग एकच उपाय उरतो. जोडलेले बल्ब होल्डरमधून काढून ठेवायचे, राहिलेले जोडायचे आणि परत सगळे चढवायचे. त्यासाठी शिडी लागते, खाली सोफा सरकवावा लागतो आणि तापलेला बल्ब हातात येतो. माझी आई खाली उभी राहून शिडी धरत होती. या वयात तिला हे करायला लावणं मला अजिबात आवडलं नाही, आणि तिथेच माझा निर्णय झाला.

याच्या पाठोपाठ रूटीनचा घोळ येतो. जुनी नोंद काढून टाकून बल्ब नव्याने जोडला, तर काही ॲपमध्ये तो नवी वस्तू म्हणून येतो आणि ‘सात वाजता हॉल लावा’ ही आज्ञा जुन्याच नोंदीला चिकटून राहते. म्हणून नव्याने जोडायचं ठरवलंत तर ॲपमधून आधी काही डिलीट करू नका. त्याच खात्यात तसंच पुन्हा जोडून बघा. बऱ्याच बल्ब-प्लगच्या बाबतीत नाव आणि वेळा टिकलेल्या मला दिसल्या.

आता जुनं नाव ठेवण्याची वाट. स्वस्तातला बल्ब किंवा प्लग वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एवढंच लक्षात ठेवतो. राऊटर कोणत्या कंपनीचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या की तो निमूट जोडला जातो. पण जुळायला हव्यात त्या अक्षरन्‌अक्षर. नावातलं मोठं-लहान अक्षर, मधली मोकळी जागा, शेवटचा आकडा, यात एकही फरक चालत नाही. पासवर्ड आठवत नसेल तर जुना राऊटर काढण्याआधी मोबाईलवरून काढून घ्या. अँड्रॉईडवर वायफाय शेअर करताना क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनवर आयओएस १६ पासून तो थेट बघता येतो.

एवढं करूनही गॅजेट आली नाहीत तर तीन ठिकाणी बघावं. पहिलं, बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. २०१४ च्या आसपास आलेल्या ईएसपी८२६६ सारख्या चिपमुळे ही गॅजेट सामान्य घरात परवडायला लागली, आणि ती चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. नवे राऊटर २.४ आणि ५ दोन्ही बँड एकाच नावाखाली देतात. यातही गॅजेट बहुतेक वेळा जोडली जातात, पण अडली तर २.४ चं नाव वेगळं करून जुनं नाव त्यालाच द्यावं. दुसरं, सुरक्षा. नव्या राऊटरवर कधी फक्त डब्ल्यूपीए३ हा वायफाय सुरक्षेचा नवा प्रकार चालू असतो. तो २०१८ मध्ये आला, जुन्या गॅजेटना तो कळत नाही. तिथे त्याच्या आधीचा डब्ल्यूपीए२ निवडावा. तिसरं, चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातला एकेक भाग. भारतात २.४ वर १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेसाठी बनलेल्या काही वस्तूंना १२ आणि १३ दिसतच नाहीत. ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर किंवा एनव्हीआर असेल तर आणखी एक गोष्ट. त्याला बहुधा ठरलेला आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक, दिलेला असतो, समजा १९२.१६८.१ ने सुरू होणारा. नवा राऊटर १९२.१६८.२९ किंवा १९२.१६८.० वरून पत्ते वाटत असेल, तर नाव-पासवर्ड जुळूनही कॅमेरे दिसणार नाहीत. राऊटरच्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये जुनीच मालिका टाकली की कॅमेरेवाल्याला बोलवावं लागत नाही.

जुन्या नावाची बाजू लंगडी पडते ती पासवर्डपाशीच. गावभर झालेला पासवर्ड पुन्हा मुख्य नेटवर्कला द्यायला मलाही जिवावर आलं होतं. म्हणून मी जे ठेवलं आहे ते थोडं मधलं आहे. मुख्य वायफायला नवं नाव, नवा पासवर्ड, वरची सुरक्षा. ते घरच्यांच्या फोन आणि लॅपटॉपसाठी. राऊटरमध्ये गेस्ट (पाहुण्यांसाठी) किंवा आयओटी (गॅजेटसाठी) नावाचं दुसरं नेटवर्क काढता येतं, त्याला जुनं नाव, जुना पासवर्ड, फक्त २.४ आणि डब्ल्यूपीए२. दोन्ही चालू केल्यावर एमसीबी एकदा खाली करून वर केला आणि सहाही बल्ब शिडीला हात न लावता आले. बाहेरच्या कुणाकडे जुना पासवर्ड असला तरी तो गेस्टवरच राहतो, आपल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. प्रिंटर आणि टीव्हीवर कास्ट करायची वस्तू मात्र मुख्य नेटवर्कवर घ्या, गेस्टवरून ती फोनला दिसत नाही.

जुना राऊटरच नव्याला केबलने जोडून गॅजेटसाठी चालू ठेवण्याचाही एक मार्ग आहे. केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घालायची, त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. चालतं छान. पण वीज गेली की दोन राऊटरना बॅकअप लागतो, आणि माझ्या मते एवढ्यासाठी भिंतीवर आणखी एक डबा नको.

तुमच्याकडे बल्ब एकेका बटणावर असतील किंवा नुसते प्लगच असतील तर मेव्हण्यासारखं करायला माझी काहीच हरकत नाही. एकाच बटणावर बल्बांची रांग असेल, किंवा स्विचबोर्डाच्या आत साध्या बटणांना स्मार्ट करणारं मॉड्यूल बसवलेलं असेल, तर मी तरी जुनं नाव सोडणार नाही. बोर्डाच्या आतलं मॉड्यूल रीसेट करायला कधी कधी प्लेट उघडावी लागते, आणि ते काम वायरमनचंच.

कोणतीही वाट धरा, पण गीझर पहिल्यांदा तपासा. निफाडचा पारा उतरला की आमच्याकडे पहाटे साडेपाचला गीझर लागलेला हवा असतो. बऱ्याच प्लगमध्ये वेळापत्रक प्लगमध्येच साठवलेलं असतं, पण घड्याळ मात्र तो इंटरनेटवरून जुळवतो. त्यामुळे नेटवर्कबाहेर असताना वीज जाऊन आली की गीझर वेळेवर लागेल याचा भरवसा नाही, आणि वेळेवर बंद होईल याचाही नाही.

आणि राऊटर बसवायला आलेला माणूस घरात असतानाच त्याच्याकडून ॲडमिनचा पासवर्ड मागून घ्या, पेज उघडून त्याच्यासमोर गेस्ट नेटवर्कचा पर्याय बघा. काही कंपन्यांच्या राऊटरवर तो लपवलेला असतो किंवा ॲपमधूनच उघडतो. तो माणूस एकदा निघून गेला की मग कस्टमर केअरच्या फोनवर ताटकळत बसावं लागतं.