निळा दिवा, मेलेला अडॅप्टर आणि सोसायटीच्या जुन्या हार्ड डिस्क

परवा डॉकचा अडॅप्टर गेला, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. दोन डिस्कचं, उभ्या खाचांचं, यूएसबी 3.0 डॉक, म्हणजे सुटी हार्ड डिस्क खाचेत उभी करून कॉम्प्युटरला जोडायचं साधन. स्पेक्स सगळीकडे तेच असतात, त्यात वेळ घालवत नाही.

घेतलं ते सोसायटीसाठी. ऑफिसचे जुने पीसी काढायचे होते आणि त्यांत सभासदांचे आधार, पॅन, भाडेकरूंचे करारनामे असं सगळं भरलेलं. चेअरमन काका म्हणाले, "फॉरमॅट मारा आणि द्या की भंगारवाल्याला." त्यांच्यासमोरच क्विक फॉरमॅट मारला आणि गेलेल्या फायली परत काढणारं फोटोरेक चालवलं. क्विक फॉरमॅटनं फक्त फायलींची नोंद जाते, माल जागेवरच राहतो. काकांच्याच पासपोर्टचं स्कॅन स्क्रीनवर आलं. डॉकच्या बिलावर त्यांनी निमूट सही केली.

काम म्हणाल तर चोख. विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये (कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं टूल) 'लिस्ट डिस्क', साइज बघून योग्य डिस्क सिलेक्ट, मग 'क्लीन ऑल'. नुसतं 'क्लीन' लिहून थांबू नका, त्यानं फक्त पार्टिशनची माहिती जाते. 'ऑल' लावलं की प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं. आमच्या एका कमिटी मेंबरचा हट्ट होता की सात वेळा पुसा. 1996 साली संगणक सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी 35 वेळा पुसण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून हे खूळ आहे. आजच्या डिस्कना ते लागत नाही असं पुढे गुटमन यांनीच लिहिलं. अमेरिकेतली मानकं ठरवणारी सरकारी संस्था एनआयएसटी, तिच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनेनंही साध्या हार्ड डिस्कला एकदा पुसणं पुरे मानलं होतं. सात वेळाचं वीजबिल कोण भरणार?

आता तो दिवा. डॉकच्या कपाळावर निळा एलईडी आहे आणि डिस्कवर लिहिणं चालू असेपर्यंत तो लुकलुकतो. 1 टीबीची जुनी डिस्क संध्याकाळी लावली तर झोपायच्या वेळेपर्यंत संपत नाही, आणि आमचं वन बीएचके. अख्खा हॉल पोलीस चौकीसारखा दिसायचा. बंद करायची सोय नाही. ही वस्तू बनवणाऱ्यांपैकी कुणी तिच्या शेजारी झोपलं असेल असं वाटत नाही. शेवटी बायकोनं स्वतःची टिकली लावली.

पण इथे माझं मत थोडं बदललं. 'क्लीन ऑल' चालू असताना स्क्रीनवर टक्केवारी येत नाही, नुसता कर्सर. काम चाललंय की अडकलंय हे तो दिवाच सांगतो. मग टिकली अर्धी सरकवली. चालतं.

अडॅप्टरनं मात्र एका डिस्कच्या मधेच मान टाकली. दिवा गेला, डिस्कपार्टनं एरर दिली, म्हणजे सुरुवातीचा भाग पुसलेला आणि उरलेला जसाच्या तसा. कस्टमर केअरचं उत्तर: अडॅप्टर 'ॲक्सेसरी' आहे, त्याची वॉरंटी सहा महिनेच, तरी तपासून हवा असेल तर अख्खा सेट स्वखर्चानं कुरिअर करा. कुरिअरच्या पैशांत नवा अडॅप्टर येतो हो! पुण्याच्या तापकीर गल्लीतून 12 व्होल्ट 3 अँपिअरचा घेतला, पिनचं माप आणि पिनच्या आतल्या बाजूला प्लस आहे ना ते बघून. जुन्यावर 2 अँपिअर छापलं होतं. साडेतीन इंची दोन डिस्क एकदम फिरायला लागल्या की तेवढ्यात भागत नाही, हे बनवणाऱ्याला कळायला हवं होतं. लॅपटॉपच्या डिस्कला 5 व्होल्टच लागतात, पण हे डॉक तेही अडॅप्टरकडूनच घेतं, त्यामुळे तोवर सगळंच ठप्प. तीन स्टार. चौथा अडॅप्टरनं खाल्ला, पाचवा दिव्यानं.

अर्धवट राहिलेली डिस्क पहिल्यापासून पुन्हा पुसली. पुसलेल्या चालू डिस्क सीसीटीव्हीवाल्यानं डीव्हीआरसाठी घेतल्या, घासाघीस करून का होईना. खजिनदारांनी ते पैसे 'भंगार विक्री'त दाखवले.

एक डिस्क नुसती टकटक करायची, डॉकला दिसायचीच नाही. जी दिसत नाही ती पुसणार कशी? चांदणीच्या टोकाच्या टी8 स्क्रू ड्रायव्हरनं उघडली. एक स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो, तो काढल्याशिवाय झाकण हलत नाही. आतल्या ॲल्युमिनियमच्या चकत्यांना ड्रिलनं भोकं पाडली. लॅपटॉपच्या डिस्कवर हा प्रयोग जपून करा, त्यातल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि फुटल्या की कपच्या उडतात. चष्मा लावा, जुन्या चादरीत गुंडाळा. आतले दोन लोहचुंबक मात्र फुकटचा लाभ. फ्रिजवर लावलेला एक काढताना माझं नख दुखावलं. उरलेला सांगाडा ई-कचरा नेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिला.

काकांचा मुलगा आता त्याची एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घेऊन डॉक मागतोय. एसएसडी स्वतःच आत जागा बदलत लिहिते, त्यामुळे वरून शून्य लिहून सगळं पुसलं जाईलच असं नाही. तिला कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज लागतं, आणि ती कमांड अशा यूएसबी डॉकमधून बऱ्याचदा पलीकडे पोचतच नाही. डिस्क लॅपटॉपमध्येच ठेवून कर, म्हटलं. डॉक मिळणार नाही.