टेस्टनेटचे अ‍ॅड्रेस काढायला एचटीएमएल फाइल की इलेक्ट्रम?

बिटकॉइनचे मेननेट (खऱ्या पैशांचं नेटवर्क) आणि टेस्टनेट (चाचणीचं, बिनकिमतीच्या नाण्यांचं) दोन्हीकडचे अ‍ॅड्रेस वारंवार लागत असतील तर गाडी शेवटी दोन पर्यायांवर येते, पेन ड्राइव्हवर ठेवायची ती सीडवरून, म्हणजे वॉलेटच्या मूळ बारा शब्दांवरून, अ‍ॅड्रेस काढणारी एचटीएमएल फाइल, नाहीतर इलेक्ट्रम हे वॉलेट. मी गुहागरला घरूनच काम करतो, दोन्ही भरपूर वापरलंय.

फाइल भारी आहे, खोटं कशाला बोलू. इन्स्टॉल नको, नेट नको, बारा शब्द टाकले की खाली रांगच्या रांग अ‍ॅड्रेस, प्रायव्हेट की (पैसे खर्च करायची गुप्त चावी) सकट. नेटवर्कच्या यादीतून टेस्टनेट निवडलं की त्याच शब्दांतून, पाथमधल्या (अ‍ॅड्रेस कुठल्या वाटेने काढायचा ते सांगणाऱ्या आकड्यांमधल्या) ० चा १ होऊन, वेगळेच अ‍ॅड्रेस. पन्नासेक एकदम हवे असतील तर हिच्याएवढं सोपं मला तरी काही सापडलं नाही.

पण ती यादी! पान उघडलं की स्वारी मेननेटवर. आषाढात आमच्याकडे माडाची झावळी तारेवर पडली की लाइट गेलीच, माझ्या पीसीला बॅकअप नाही, मग दिवसातून तीन-चारदा पान नव्याने उघडा आणि दरवेळी यादी बदला. एकदा घाईत राहिली बदलायची, बीसी१ वाला, म्हणजे मेननेटचा, अ‍ॅड्रेस फॉसेटमध्ये (टेस्टनेटची नाणी फुकट देणाऱ्या साइटवर) टाकला, तो काही घेईना, आणि मी पडवीत हॉटस्पॉटचा फोन उंच धरून तासभर रेंजला शिव्या घालतोय. टेस्टनेटच्या अ‍ॅड्रेसच्या सुरुवातीला टीबी१ हवं हे डोळ्यांना दिसलंच नाही. यात पैसे बुडत नाहीत म्हणा, चुकीच्या नेटवर्कचा अ‍ॅड्रेस वॉलेट घेतच नाही, पण त्याच दिवशी टेस्टची समजून मेननेटची की कोडमध्ये चिकटवली असती तर?

इलेक्ट्रमला कमांडच्या मागे डॅश डॅश टेस्टनेट लावायचं, मी त्याचा वेगळा शॉर्टकटच करून ठेवलाय. वरच्या पट्टीत टेस्टनेट लिहिलेलं दिसतं, वॉलेटच्या फाइली वेगळ्या फोल्डरात, लाइट आल्यावर त्याच शॉर्टकटने उघडलं की सगळं जिथल्या तिथे. अ‍ॅड्रेस काढायला नेट यालाही लागत नाही. खोट एवढीच की याचे बारा शब्द याच्याच पद्धतीचे, बाकीची बरीच वॉलेट ते ओळखत नाहीत, त्यामुळे तीच सीड चार ठिकाणी फिरवायची असेल तर फाइलच बरी पडेल.

ज्यांच्याकडे लाइट जात नाही त्यांना हे रडगाणं वाटेल कदाचित. फाइल मी उडवलेली नाही, पण गणपतीपासून तो पेन ड्राइव्ह कपाटातच आहे.