एकाच झाडाचे दोनदा पैसे

ऑनलाइन नर्सरीतून मागवलेल्या दोन ब्रोमेलियाडचा (अननसाच्या कुळातली शोभेची झाडं) रिव्ह्यू. नर्सरीचं नाव टाकत नाही.

एका कुंडीवर लेबल व्रिसिया स्प्लेंडेन्स, दुसरीवर लुथेरिया स्प्लेंडेन्स, आणि या दुसरीचा 'रेअर' म्हणून भाव जवळपास डबल. पॅकिंगला नावं ठेवायला जागा नाही, एक पान मोडलेलं नव्हतं. पहिलं फुलावरच आलं होतं, चपटा लालभडक तुरा तलवारीसारखा, पानांवर आडवे काळपट पट्टे. रेअरवालं सात महिने नुसतं पानांवर, मी आपली पानांच्या मधल्या वाटीत पाणी घालत बसले आणि शेवटी तुरा आला तर काय, हुबेहूब तोच!

मग शोधाशोध केली. झाड एकच आहे हो! पाकळीच्या आत बुडाशी बारीक खवल्यासारखं काहीतरी असतं, ते असलं की व्रिसिया नसलं की टिलँडसिया (दोन्ही ब्रोमेलियाडमधली घराणी), असा साधारण जुना हिशोब होता, त्यात हे व्रिसियात बसलेलं. २०१६ मधे व्हिएन्ना युनिव्हर्सिटीचा बारफुस आणि मंडळींनी या गोतावळ्याचा डीएनए ताडून बघितला, क्लोरोप्लास्टमधला (पेशीतले हिरवे कण) पण आणि न्यूक्लियसमधला (पेशीचं केंद्र) पण (क्लोरोप्लास्ट बहुतेक झाडांत आईकडूनच येतो, नुसता तोच बघितला तर अर्धीच वंशावळ कळते), तर ब्राझीलकडच्या खऱ्या व्रिसियांशी याचं जवळचं नातंच लागेना, हे व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचं. आडनाव एक म्हणून भाऊबंद थोडीच असतात. मग वेगळं घर मांडून दिलं, हॅरी लूथर या ब्रोमेलियाडवाल्या तज्ज्ञाच्या नावावरून लुथेरिया.

म्हणजे नवीन नाव बरोबर, जुनं पण लोक सर्रास वापरतात, ठीकच. पण दोन नावं दोन रेटला? कस्टमर केअरला विचारलं तर "मॅडम दोन्ही बॉटनिकल नेम करेक्ट आहेत." यावर काय बोलणार, खरंच आहेत! त्यांच्या लिस्टमधे टिलँडसिया सायनिया आणि वॉलिसिया सायनिया पण वेगवेगळ्या दिसतायत, तेही त्याच २०१६ च्या कामातलं नामांतर, घेताना बघून घ्या.

झाडाला ५ स्टार, लेबलला १. फुलून गेल्यावर केळीसारखं मूळ झाड हळूहळू जातं पण दोन्ही कुंड्यांत पिल्लं आलीत. कुंड्या धुताना लेबलं निघाली आणि आता रेअर कुठलं ते मलाच सांगता येत नाहीये.