इंडोनेशियाचं निकेल: कच्चं विकावं की देशातच वितळवावं?

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या लाल मातीतलं निकेल जहाजात भरून परदेशी पाठवणं हा पहिला मार्ग. भांडवल कमी लागतं, पैसा लगेच हाती येतो. पण खाण असलेल्या जिल्ह्याच्या वाट्याला खड्डे, धूळ आणि थोडीफार रॉयल्टी येते. मालाची किंमत खऱ्या अर्थाने वाढते ती दुसऱ्या देशातल्या भट्टीत.

दुसरा मार्ग म्हणजे निकेल देशातच वितळवणं. तो इंडोनेशियाने कच्च्या मालाच्या निर्यातीवर बंदी घालून २०१४ मध्ये धरला, २०१७ मध्ये सैल सोडला आणि १ जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलच्या निर्यातीवर पुन्हा पूर्ण बंदी घातली. सुलावेसीतल्या मोरोवालीत आणि हालमाहेरा बेटावरच्या वेडा बे इथे, मुख्यतः चिनी भांडवलावर, भट्ट्या उभ्या राहिल्या. निकेलपासून बनणाऱ्या मालाची निर्यात कित्येक पटींनी वाढली, हजारो हातांना काम मिळालं. युरोपीय संघाच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने २०२२ मध्ये इंडोनेशियाच्या विरोधात निकाल दिला. सरकारने अपील केलं, बंदी उठवली नाही.

मला दुसराच मार्ग पटतो, पण आजच्या रूपात नाही. भट्ट्यांची वीज बहुतांशी कोळशाची. कंपन्यांना वर्षानुवर्षं करमाफी, त्यामुळे नफ्याचा मोठा भाग देशाबाहेर. डिसेंबर २०२३ मध्ये मोरोवालीतल्या एका भट्टीच्या स्फोटात २१ कामगारांचा जीव गेला. आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं गढूळलेलं पाणी तर निर्यातीच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. बंदी टिकवावी, करमाफी मात्र सुरक्षिततेच्या आणि स्वच्छ पाण्याच्या अटींना बांधावी.