रुंद मॉनिटर, जुनं कार्ड आणि नाव बदलून विकलेली चिप

रुंद मॉनिटर आणलात, जोडलात आणि चित्र आडवं ताणलेलं दिसतंय, तर लगेच नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला धावू नका. आधी केबल कुठल्या पोर्टात घातली आहे ते बघा. या एकाच लक्षणावर बोट ठेवून एका विक्रेत्याने माझ्या गळ्यात बनावट कार्ड मारलं. ते कसं मारलं ते सविस्तर सांगते, कारण अशी बनावट कार्डं अजूनही विकली जातात.

माझं काम व्हिडिओ संकलनाचं. टाइमलाइन लांबवर दिसावी म्हणून २५६० × १०८० पिक्सेलचा मॉनिटर घेतला. संगणकात कार्ड होतं रेडिऑन एचडी ५७७०, म्हणजे २००९ मध्ये आलेलं मॉडेल. एचडीएमआय केबल लावली, तर सेटिंगमध्ये १९२० × १०८० च्या पुढचा पर्यायच दिसेना. १६:९ चं चित्र २१:९ च्या पडद्यावर ओढून बसवलेलं. प्रत्येक गोष्टीची रुंदी एक तृतीयांशाने वाढलेली: चेहरे सुजल्यासारखे, घड्याळाची तबकडी लंबगोल, अक्षरं पसरट आणि धूसर. अशा पडद्यावर संकलन करणं अशक्यच.

विक्रेत्याने संगणक उघडून पाहिला आणि म्हणाला, "ताई, कार्ड म्हातारं झालंय हो. याला वाइड झेपतच नाही. चार जीबीचं टाका, पुढची काही वर्षं बघायला नको."

हे साफ खोटं होतं. पण लक्षण खरं होतं, त्यामुळे पटण्यासारखं होतं. खरी अडचण काय होती ते सांगते. केबलमधून सेकंदाला किती पिक्सेल जाऊ शकतात याला मर्यादा असते. सिंगल लिंक डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीचा पोर्ट) आणि सुरुवातीच्या एचडीएमआयमध्ये ती १६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेसोळा कोटी पिक्सेल. २००६ च्या एचडीएमआय १.३ ने ती ३४० पर्यंत वाढवली, पण तेवढी क्षमता देण्याचं बंधन नव्हतं, आणि त्यानंतरच्याही बऱ्याच कार्डांचा एचडीएमआय पोर्ट १९२० × १२०० लाच थांबायचा. आता गुणाकार करून बघा: २५६० गुणिले १०८० गुणिले ६०, कारण पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, जातात. उत्तर येतं १६ कोटी ५८ लाख ८८ हजार. नुसत्या दिसणाऱ्या पिक्सेलनीच मर्यादा ओलांडली. त्यात प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी जाणारा रिकामा वेळ धरला की आकडा १८ कोटींच्या वर जातो. म्हणून एचडीएमआयवर तो पर्याय दिसत नव्हता.

पण त्याच कार्डाला डिस्प्लेपोर्टही होता, आणि त्यावरून २५६० × १६०० पर्यंतचं चित्र जातं. मॉनिटरलाही डिस्प्लेपोर्ट होता. विक्रेत्यासमोर कॅबिनेटची मागची बाजू उघडी होती आणि तो पोर्ट रिकामा दिसत होता. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. एका केबलचं काम होतं. त्याने कार्ड विकलं.

कार्ड कुठलं, तर खोक्यावर जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. त्याने ते बसवलं, सोबतच्या सीडीवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, टाकला, कंट्रोल पॅनेलमध्ये काहीतरी भराभर भरलं आणि पडदा काठोकाठ भरला. विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. शंका घ्यायला जागाच नव्हती.

घरी आल्यावर माउस हलवताना बाण अडखळतोय असं वाटायला लागलं. सेटिंग उघडलं तर रिफ्रेश रेट ५०, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. साठ केला की पडदा काळा. खऱ्या १०५० टीआयला एचडीएमआय २.० असतो, त्याला हे रिझोल्यूशन साठवर चालवणं काहीच नाही. म्हणजे विक्रेत्याने हाताने ५० हर्ट्झचा मोड तयार करून आकडा १६५ च्या आत बसवला होता. ही युक्ती माझ्या जुन्या कार्डावरही करता आली असती, तीही फुकट. मला या गोष्टीचा राग सगळ्यात जास्त आला आणि अजूनही आहे.

पुढे रेंडर करताना, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाइल बनवताना, चित्रात रंगीत चौकटी उमटायच्या आणि प्रोग्रॅम बंद पडायचा. १०५० टीआयची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवला, तर जुळणारं हार्डवेअर सापडत नाही म्हणून इन्स्टॉलर थांबला. मग जीपीयू-झेड नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम चालवला. २०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून तो अशी बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखतो. नावाच्या आधी चौकोनी कंसात 'फेक' असं ठळक दिसलं.

शेवटी ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्या दादांकडून हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा भाग, काढून घेतला. वाळून खडू झालेली पेस्ट त्यांनी स्पिरिटने पुसली तेव्हा चिपवरची अक्षरं वाचता आली: जीएफ११६. ही २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयमधली चिप. खऱ्या १०५० टीआयवर जीपी१०७ लिहिलेलं असतं. एकीत १९२ कोअर, दुसरीत ७६८. एनव्हिडियाने त्या जुन्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर काढणं २०१८ मध्येच बंद केलं, म्हणून नवा ड्रायव्हर बसत नव्हता. आणि मेमरी ४ जीबी नव्हतीच. बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, तसा आकडा लिहून ठेवला होता. रेंडर खऱ्या मेमरीच्या पलीकडे गेला की सगळं कोसळायचं.

विंडोज जे नाव दाखवतं ते कार्डातल्या बायोसवरून आणि ड्रायव्हरवरून येतं, आणि ही दोन्ही बदलता येतात. त्यामुळे "हे बघा, नाव आलं" याला पुरावा समजू नका. विकणारा सीडीवरचाच ड्रायव्हर टाका असा आग्रह धरत असेल, तर तिथेच थांबा. कंपनीच्या साइटवरचा त्या मॉडेलसाठीचा ताजा ड्रायव्हर त्याच्यासमोर टाकायला लावा आणि जीपीयू-झेड पैसे देण्याआधी चालवा. दोन्ही मिळून फार वेळ लागत नाही, आणि खरा माल विकणारा त्याला नाही म्हणत नाही.

जुनं कार्ड परत बसवलं, डिस्प्लेपोर्टची केबल लावली. पडदा पूर्ण भरला, ६० हर्ट्झवर, कुठेही काही न भरता. डिस्प्लेपोर्ट नसेल तर कार्डाला आणि मॉनिटरला ड्युएल लिंक डीव्हीआय आहे का ते पाहा, त्याची मर्यादा दुप्पट असते. मात्र केबलही ड्युएल लिंकचीच हवी, मधल्या पिना नसलेली चालत नाही. आणि व्हीजीए केबलवर १०२४ × ७६८ च्या पुढे काहीच दिसत नसेल, तर केबल बदलून बघा. स्वस्त केबलमध्ये कधीकधी १२ आणि १५ नंबरच्या तारा जोडलेल्याच नसतात. मॉनिटर आपली मापं कार्डाला कळवतो त्या याच तारांवरून.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याचं आधी "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे", मग "खोकं उघडलंय, आता परत होत नाही" असं चाललं. चिपचा फोटो, जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि बिलावर लिहिलेलं मॉडेलचं नाव, तिन्ही एकत्र समोर ठेवली तेव्हा पैसे आले. बिलावर नुसतं 'ग्राफिक्स कार्ड ४ जीबी' असतं तर माझ्या हातात काही नव्हतं, तेव्हा पूर्ण मॉडेल लिहूनच घ्या.

कार्ड मात्र त्याने परत घेतलं. पुसलं आणि त्याच खोक्यात घातलं. ते कुणाला दाखवलं गेलं, तर खोक्यातून काढून आधी मागची पट्टी बघा. त्यावर पंधरा भोकांचा निळा व्हीजीए पोर्ट आहे. १०५० टीआयच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर येतच नाही, म्हणून खऱ्या कार्डावर असा पोर्ट नसतो.