‘हेड गेलंय’ सांगून घेतलेले १४,००० रुपये

कॉम्प्युटर नीट सुरू होत असेल, त्यातल्या फक्त फायली उडाल्या असतील आणि दुकानदार ‘हार्डडिस्कचं हेड गेलंय, पुण्याच्या लॅबला पाठवावी लागेल’ म्हणत असेल, तर सीपीयू उचला आणि सरळ घरी या. आमच्याकडून पैसे निघाले ते याच वाक्यावर.

माझ्या दाजींचा सावद्याला केळीचा व्यापार आहे. कोणाच्या मळ्यातून किती क्विंटल माल भरला, त्या दिवशी भाव काय होता, उचल किती दिली, बाकी किती, सगळं एक्सेलमध्ये. ऑफिसातल्या पोराने जागा मोकळी करताना हिशेबाचं फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे ते रिसायकल बिनमध्येही गेलं नाही. पेनड्राइव्हवरची कॉपी आदल्या दिवाळीची. इकडे शेतकरी पैशांसाठी ऑफिसात बसलेले. कॉम्प्युटर त्याच दिवशी जळगावच्या एका दुकानात गेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

तपासणीचे ५०० रुपये आधी घेतले. मग निदान आलं ते वर लिहिलेलंच. एकूण १४,०००, त्यातले ६,००० आगाऊ. पुढे फोन केला की एकच उत्तर, “डिस्क पुण्याला आहे भाऊ, लॅबमध्ये नंबर लागलाय, कशाला टेन्शन घेऊन राहिले?”

आता यातली लबाडी कुठे आहे ते सांगतो, कारण आमच्यासारख्यांना नेमकं तेच माहीत नसतं. फाइल डिलीट केली की विंडोज तिचा मजकूर पुसत बसत नाही. यादीतली नोंद ‘वापरात नाही’ अशी होते आणि ती जागा मोकळी धरली जाते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातलं उभं पीक लगेच जात नाही. नवा माणूस नांगर घालतो तेव्हा ते जातं. हेड ही डिस्कच्या आतली वाचणारी सुई. ती बिघडली तर डिस्क टकटक आवाज करते, कॉम्प्युटरला दिसेनाशी होते, विंडोज सुरूच होत नाही. तेव्हा डिस्क धूळविरहित खोलीत उघडावी लागते आणि तो खर्च खरंच मोठा असतो. आमचा कॉम्प्युटर तर त्याच डिस्कवरून दुकानातही व्यवस्थित चालू झाला होता. साध्या डिलीटला मोडलेल्या डिस्कचा भाव लावला, एवढाच हा धंदा.

काही दिवसांनी ‘डेटा आला’ म्हणून फोन. दाजी आणि मी गेलो. स्क्रीनवर यादी: फाइलचं नाव, तारीख, साईज, सगळं बरोबर. शेतकऱ्यांची नावं ओळखीची दिसली आणि दाजींनी उरलेले ८,००० तिथेच फोनवरून पाठवले. एक फाइल उघडून दाखवा म्हटलं तर उत्तर आलं की दुकानातलं एक्सेल जुनं आहे, घरी उघडतील. घरी बहुतेक फायलींवर ‘फाइल खराब आहे’ एवढाच निरोप. परत फोन केला तर म्हणे रिपेअरचे ५,००० वेगळे.

यादी म्हणजे डेटा नव्हे, हे मला भुसावळच्या भाच्याने समजावलं. नाव, तारीख आणि साईज विंडोज फाइलच्या नोंदीत ठेवतं आणि मजकूर डिस्कवर दुसरीकडे असतो. मजकुराच्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं तरी नोंद शाबूत राहू शकते. त्याने आमची एक ‘परत आलेली’ फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर आत कुठल्याशा वेबपानाचा तुकडा. केळीचा एक आकडा नाही.

भाचा नेटवर्किंगचं काम करतो, त्यामुळे तो तिथेच थांबला नाही. डिस्कची तब्येत दाखवणारी मोफत क्रिस्टलडिस्कइन्फो त्याने चालवली: डिस्क ठणठणीत, खराब म्हणून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. कॉम्प्युटर कधी चालू झाला, कधी बंद झाला, त्याची नोंद तिथे राहते, आणि ती असते याच डिस्कवर. डिस्क ‘पुण्याला’ होती म्हणतात त्या दिवसांत आमचा कॉम्प्युटर रोज दुपारी चालू केलेला. प्रोग्रॅम फाइल्समध्ये रिकूवा या डिलीट झालेल्या फायली शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचं फोल्डर, तारीख सीपीयू दिला त्याच संध्याकाळची. रिकूवाची मोफत आवृत्ती कोणालाही मिळते. हे आम्हाला १४,००० मध्ये मिळालं.

पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे. आमच्या डिस्कला एकच सी ड्राइव्ह. त्यांनी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकलं, निघालेल्या फायलीही त्यावरच साठवल्या, म्हणजे जी जागा वाचवायची तिच्यावरच लिहीत बसले. फायली गेल्या की कॉम्प्युटर बंद करायचा, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची आणि सापडेल ते तिसरीकडे साठवायचं, हे या कामातलं अगदी पहिलं पथ्य.

भाच्याने आधी अख्ख्या डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर कॉपी केली आणि त्या कॉपीवर फोटोरेक चालवलं. नाव फोटोचं असलं तरी ते एक्सेलच्या फायलीही शोधतं, आणि मोफत आहे. मूळ नावं मात्र येत नाहीत. आकड्यांच्या नावाच्या शेकडो फायली एकेक उघडून बघाव्या लागल्या. बराच हिशेब निघाला. उरलेला काही फैजपूरच्या सीएच्या मेलमध्ये होता, काही शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या शीटमध्ये, बाकीचा काट्याच्या पावत्यांवरून ताईने पुन्हा लिहिला. मायक्रोसॉफ्टचंही विंडोज फाइल रिकव्हरी नावाचं मोफत साधन २०२० पासून आहे, फक्त ते कमांड टाइप करून चालवावं लागतं.

आमची जुनी, फिरणारी हार्डडिस्क होती म्हणून एवढं तरी निघालं. तुमच्याकडे एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क असेल तर गणित वेगळं. तिथे ट्रिम नावाची सोय डिलीट झालेली जागा बहुधा थोड्याच वेळात खरोखर रिकामी करून टाकते. एसएसडीवरून डिलीट झालेलं ‘शंभर टक्के’ काढून देतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका.

दुकानात जावंच लागलं तर सीपीयू देण्याआधी हार्डडिस्कच्या लेबलचा फोटो काढा, सिरीयल नंबर दिसेल असा. बिघाड काय सांगितला ते पावतीवर लिहून घ्या. आमच्या चिठ्ठीवर फक्त ‘डेटा काम’ लिहिलंय आणि आता ते म्हणतात, हेड गेलं असं आम्ही बोललोच नाही. आणि उरलेले पैसे देण्याआधी तुम्ही निवडाल त्या फायली समोर उघडून बघा, दुकानदार निवडेल त्या नव्हे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर दुकानातून फोन आला: ५,००० परत घ्या आणि विषय मिटवा. दाजींनी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या प्रिंट जोडून अर्ज तयार आहे. या आठवड्यात जळगावला जाऊन देणार आहोत.